शंभर पावलं लव्हाळा

माझा आवाज मोठा आणि डोकं गरम, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी 'बाई जरा जास्तच बोलते' असं म्हणायला नको. जास्त बोलले नसते तर आज आमच्या नदीकाठाला दगडी भिंत असती आणि मी कारखान्यात गोण्यांची तोंडं शिवत बसले असते.

मी चटया विणणारी बाई. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला मागासमोर बसवलं, आणि पुढची बावीस वर्षं मी तिथून उठलेच नाही म्हणा ना. आमच्या घरांच्या ओळीमागे पायऱ्या उतरल्या की नदी. काठाने कमरेइतका लव्हाळा. कुणी लावलेला नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. आपण कापावा, त्याने पुन्हा उगवावं. त्याच्या जिवावर आमच्या ओळीतली अकरा घरं जेवत होती.

मग बेशरम आली. वरच्या अंगाला कुणीतरी कुंपणाला लावली होती म्हणे. गुलाबी फुलं, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी नाही घातलं तरी चालतं, म्हणून सगळे खूश. दोन-तीन पुरांबरोबर ती खाली उतरली आणि पाच-सहा वर्षांत तिने अख्खा काठ गिळला. तिचं नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे. कापा, तुडवा, शिव्या घाला, पंधरा दिवसांत पुन्हा दात काढून उभी. तिच्या सावलीत लव्हाळा पिवळा पडला, मग बारीक झाला, मग दिसेनासा झाला. एकेक करून आमचे माग बंद पडले. मी गोण्यांच्या कारखान्यात लागले. प्लॅस्टिकची गोणी, मशीनचं पायडल, नाकातोंडात पांढरा भुगा, आणि डोक्यावर सुपरवायझर. तो सारखा मनगटाकडे बघायचा म्हणून आम्ही त्याला 'घड्याळ' म्हणायचो. नऊ वर्षं मी त्या घड्याळावर काढली. एक दिवसही गोडीने गेले नाही.

आणि नवव्या वर्षीच्या थंडीत दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. वाळत घातलेली चादर वाऱ्याने उडून बेशरमीच्या जाळीत गेली. ती काढायला मी वाकून आत शिरले, तर पाण्याच्या कडेला दीड हात जागेत लव्हाळा. जिवंत, हिरवा. मी चादर विसरून तिथेच चिखलात बसले आणि त्याला हात लावत राहिले. तीन दिवसांनी पायऱ्यांवर नोटीस लागली की नदीकाठ मशीनने साफ करून दगड बसवणार.

मी तडक नदी विभागाच्या कचेरीत. दुसरा मजला, जिन्यात फायलींचे गठ्ठे, खिडकीत कबुतरं. इंजिनीअर बाई माझ्या भाचीच्या वयाची. टेबलाखाली चिखलाने भरलेले गमबूट होते, ते बघून मला जरा बरं वाटलं. ही निदान खाली उतरते.

"मॅडम, आमच्या काठाला मशीन लावू नका."

"मावशी, काठ साफ करा म्हणून तुमच्याच ओळीचा अर्ज होता."

"साफ करा म्हटलं होतं. खरवडा म्हटलं नव्हतं."

मग मी तिला सगळं सांगितलं. दीड हात लव्हाळा शिल्लक आहे. मशीन फिरलं की त्याची मुळं गेली, कायमची. बेशरमीचे मात्र तुकडे राहणार, आणि तिचा बोटभर तुकडाही पुन्हा उगवतो. म्हणजे जायचं ते जाणार आणि राहायला नको ते राहणार.

"म्हणून तर वरून दगड लावतोय," ती म्हणाली.

"दगडाची चटई कशी विणू, तेवढं सांगा."

आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण शिपाई डोकावून गेला. तिने नकाशा उलगडला. पेनाने काठ मोजला. मग म्हणाली, "काम वरच्या टोकापासून सुरू होतंय. तुमच्या पायऱ्यांपाशी मशीन पोचायला साडेचार महिने लागतील. तोवर पायऱ्यांपासून शंभर पावलं काठ मला बेशरम नसलेला दाखवा. आणि नुसता मोकळा नाही, माती धरून राहिलेला. माती खचली तर माझ्या हातात काही नाही. आणि आधीच सांगते, द्यायला माझ्याकडे एक पैसा नाही."

"पैसा मागितला कोणी? तेवढं कागदावर लिहून द्या."

तिने लिहून दिलं. मी तो कागद घडी घालून घरी आणला आणि यांच्यासमोर ठेवला. हे म्हणजे माझे यजमान, बस दुरुस्तीच्या गॅरेजातून निवृत्त झालेले. यांचं बोलणं पाणी गेलेल्या नळासारखं, बऱ्याच वेळाने एक थेंब. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "शंभर पावलं कुणाची? तुझी की माझी?"

"माझी," मी म्हटलं. "माझी लहान आहेत."

ओळीतल्या पाच जुन्या विणणाऱ्या बायका मी गोळा केल्या. त्यात आमची धाकटी, म्हणजे माझी जाऊ. मी बोलते जास्त आणि ती बघते जास्त. हे मला फारसं आवडत नाही, कारण बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं. सगळ्याजणी कुठे ना कुठे कामाला जात होत्या, म्हणून ठरलं की कामावर जायच्या आधी रोज तास-दीड तास आणि रविवारी पूर्ण दिवस. हत्यार घरचंच, विळा.

आता आमची चूक सांगते. हसायचं असेल तर हसा, अख्खी वस्ती हसून झालीय.

विणणाऱ्या बाईच्या हाताला एक खोड असते. काडी कापली की तिचा हात ती खाली टाकतच नाही. काड्या जुळवायच्या, मूठ भरली की जुडी बांधायची आणि जुडी बुडाने उथळ पाण्यात उभी करायची. म्हणजे काडी मऊ राहते, विणताना तुटत नाही. ही सवय आम्हाला चालता येण्याइतकी जुनी. आम्ही सहाजणी बेशरम कापत होतो. नऊ वर्षांनी काठावर एकत्र आलो होतो, गप्पा काय, टिंगलटवाळी काय, विचारू नका. डोकी गप्पांत आणि हात आपले सवयीने काम करत होते. जुडी बांध, पाण्यात उभी कर. जुडी बांध, पाण्यात उभी कर. आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही की अगं, ही काडी आपल्याला मऊ कशाला हवी?

चौथ्या रविवारी खाली उतरलो तर प्रत्येक जुडीला पालवी. धाकटीने एक उचलून बघितली. बुडाला पांढऱ्या मुळांची ही एवढी दाढी. चारशेच्या वर जुड्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर, नेमक्या त्यांना आवडतं तेवढ्या पाण्यात. आणि वर जी कापलेली खोडं होती त्यांनाही एकाच्या जागी चार-चार फुटवे.

नेमकी त्याच दिवशी, रविवार असूनही, इंजिनीअर बाई बघायला आली. पायऱ्यांजवळच्या पुलावर उभी राहिली, खाली आली, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. "मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर लागवड केलीय."

पुलावरचे लोक हसले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात घड्याळसुद्धा हसला. म्हणाला, "काय हो, बेशरमीची रोपं विकणार का? माझ्या मेहुण्याला कुंपणाला हवीत." एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मान खाली घालून गोण्या शिवत राहिले. घरी आले, मागच्या पायरीवर बसले आणि रडले. एक महिना गेला होता आणि मी माझ्या हाताने बेशरम वाढवली होती. वाटलं, जाऊ दे. गोण्या शिवायला काय झालं, हात तर चालतोय. पण मग डोळ्यांसमोर तो दीड हात लव्हाळा आला, आणि मशीनचं पातं आलं, आणि मला इतका राग आला की रडू थांबलं.

हे शेजारी येऊन बसले. बऱ्याच वेळाने थेंब पडला. "कापू नकोस. उपट."

"उपटून बघितली. माझ्याच्याने हलत नाही ती."

"तुझ्याच्याने नाही. पाइपच्याने."

ते दोन दिवस मागच्या पडवीत ठोकठोक करत होते. जुन्या बसच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांचा दातेरी जबडा, त्याला पुरुषभर लांब लोखंडी पाइप. जबड्यात खोड बुडाशी धरायचं आणि पाइपवर अंगाचा भार टाकायचा. मी पहिल्यांदा भार टाकला आणि बेशरम मुळासकट वर आली, चिखलाचा गोळा घेऊन. मी उताणी पडले. पडल्या पडल्या हसत सुटले. भंगारातून तीन चिमटे झाले. खर्च विचाराल तर यांचा घाम आणि माझे दोन-चार चहा.

उपटलेली ठेवायची कुठे हा प्रश्न आता नव्हताच, एकदा तोंड पोळलं होतं. जमिनीला टेकवायची नाही, पाणी तर दाखवायचंच नाही. चटया वाळवायचे बांबूचे मांडव आमच्या सगळ्यांच्या गच्चीवर पडून होते. त्यांच्यावर, त्या पालवी फुटलेल्या जुड्यांसकट, सगळी बेशरम मुळं आभाळाकडे करून पसरली. पंधरा-वीस दिवसांत कडकडीत वाळली. वीटभट्टीवाला स्वतःची गाडी आणून घेऊन गेला, वर आणि विचारतो, अजून आहे का.

आता कामाला वेग आला आणि लगेच धाकटीने मोडता घातला.

"ताई, आपण चुकीच्या टोकाने लागलोय," ती म्हणाली. "जिथे जास्त दाट तिथून सुरुवात केली. उघडी माती पडली की तिथे पहिली हीच येते, बघा ना, बियांची रोपं कशी उगवलीत. त्यापेक्षा लव्हाळ्यापासून लागू. त्याच्या भोवतीची हातभर उपटू. तो तेवढा सरकला की अजून हातभर."

"आणि तो सरकेपर्यंत मशीन माझ्या दारात. तीन महिने राहिलेत, धाकटे. मला शंभर पावलं दाखवायचीत, कुंडी नाही."

"तुम्हाला दाखवायचंय की लव्हाळा हवाय?"

हे असं बोलणं मला खपत नाही. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. मी माझ्या दाट टोकाला चिमटा चालवत होते, ती एकटी तिकडे वाकून, खुरपं घेऊन, दीड हातातल्या लव्हाळ्याभोवती. दहा-बारा दिवसांनी ती नसताना मी चोरून बघून आले. मी मोकळ्या केलेल्या जागेत बेशरमीची बारकी रोपं दाटलेली. तिने मोकळ्या केलेल्या जागेत सगळीकडून लव्हाळ्याच्या हिरव्या सुया वर आलेल्या, आणि बेशरमीची मोजून चार रोपं, तीही मरतुकडी. तिचं बरोबर होतं हे मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी चहाचा पेला घेऊन खाली गेले, तिच्या शेजारी वाकले आणि उपटायला लागले. तिने चहा घेतला. आमच्यात माफी अशीच मागतात.

पण हिशोब माझाही खोटा नव्हता. लव्हाळा आपल्या गतीने सरकत होता, मशीन आपल्या. दोन महिने उरले तेव्हा लव्हाळा चाळीस पावलं होता. उरलेल्या साठ पावलांत उपटून ठेवलेला नागडा चिखल, आणि त्यात रोज नवी बेशरम. ती रोपं वेचता वेचता आमच्या कंबरा मोडत होत्या. पाणी आलं असतं तर चिखल आधी गेला असता.

एका सकाळी कामावर जाताना मी न्हाव्याच्या दुकानासमोर थबकले. त्याच्या दारात पाय पुसायला एक फाटकी चटई होती, माझ्या हातची. शेवटची काडी मी दोनदा आत मुडपते, ती खूण मी कुठेही ओळखेन. मी ती उचलून बघितली. खालच्या जमिनीवर गवताचं एक पातं नव्हतं. बाजूला सगळीकडे होतं, चटईखाली नव्हतं.

त्या रविवारी मी ओळीने दारं वाजवली. "फाटक्या चटया काढा," मी म्हटलं, "असतील तेवढ्या, असतील तशा." लोकांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण काढल्या. पलंगाखालच्या, माळ्यावरच्या, कुत्र्याखालच्या. आमच्याच हातच्या सगळ्या, नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या, कितीतरी त्याहून जुन्या. दीडशेच्या वर निघाल्या. न्हाव्याने कपाटामागून एक गुंडाळी काढली आणि द्यायला जरा घुटमळला. उलगडली तर काडी एकदाच मुडपलेली. सासूबाईंची. त्यांच्या हातची चटई मी त्या गेल्यावर पहिल्यांदाच बघत होते. न्हावी म्हणाला, "ही राहू दे का, तुम्हाला घरी न्यायला?" मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, "त्यांचा लव्हाळा नदीचाच होता. तिथेच जाऊ दे." पाण्याच्या अगदी कडेला, जिथे ओढ जास्त, तिथे मी ती माझ्या हाताने अंथरली.

साठ पावलं चिखल आम्ही चटयांनी झाकला. यांनी जुन्या सळ्यांचे आकडे वाकवून दिले, ते ठोकून चटया जमिनीला जखडल्या. मग वीत-वीत अंतरावर चटईला भोक पाडायचं आणि त्यातून लव्हाळ्याचा मूळ असलेला एकेक फुटवा खाली रोवायचा. फुटवे आमच्याच चाळीस पावलांतले, फक्त कडेचे. उजेड मिळाला नाही तशी बेशरमीची रोपं खाली गुदमरली. लव्हाळ्याला भोक पुरलं. चटया कुजायला लागल्या, आणि कुजता कुजता त्यांनी चिखल धरून ठेवला. मी रोज सकाळी पावलं मोजायची. अठ्ठावन्न. एकाहत्तर. शेवटच्या आठवड्यात शंभराव्या पावलाला भोक पाडून फुटवा रोवला तो धाकटीने, कारण मी म्हटलं तूच रोव.

इंजिनीअर बाईची यायची तारीख सोमवारची. शुक्रवारी दुपारी मी कारखान्यात मशीनवर होते तेव्हा नदीकडचा भोंगा वाजला. वरच्या धरणाचं दार उघडलं होतं. दुरुस्तीसाठी म्हणे, कुणाला आधी कळवलं नव्हतं. मी गोणी अर्धी शिवून उठले.

"सुट्टी व्हायला अडीच तास आहेत," घड्याळ म्हणाला.

"मला घरी जायचंय."

"आता गेलात तर परत यायची गरज नाही."

मी क्षणभर उभी राहिले. नऊ वर्षांचा पगार त्याच्या मनगटावर टिकटिक करत होता. भीती वाटली, वाटणारच. यांची पेन्शन ती केवढी. पण काठ गेला तर मी तशीही जन्मभर इथेच, आणि काठ राहिला तर मला इथे कशाला यायचंय? मी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि चालू पडले.

पायऱ्यांवर सगळ्या जमल्या होत्या. खाली काठच नव्हता, नुसतं तांबडं पाणी, पायऱ्यांच्या सातव्या पायरीपर्यंत. त्यातून फांद्या जात होत्या, पत्रे जात होते, एक चटई गेली. मग दुसरी. सात मोजल्या मी. धाकटीने माझा हात धरला आणि मी सोडवला नाही. शनिवार तसाच गेला. रविवारी संध्याकाळी पाणी उतरायला लागलं. सोमवारी सकाळी काठ वर आला.

मी खाली उतरून तो बघितला. उभा लव्हाळा कुठेच दिसत नव्हता. शंभर पावलं सगळा चिखल, आणि त्या चिखलाखाली लव्हाळा एका दिशेला विंचरून आडवा झोपलेला, राखाडी, मेल्यासारखा.

इंजिनीअर बाई गमबूट घालून आली. मागून पुलाजवळ पिवळं मशीन येऊन थांबलं होतं, मशीनवाला खाली उतरून बघत होता. बाईचा चेहरा पडलेला. "मावशी, वाईट वाटतंय मला," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत. पण हे बघा तुम्हीच."

"मी बघितलं. आता तुम्ही बघा," मी म्हटलं. "उपटा."

"काय?"

"लव्हाळा. कुठलाही घ्या. मेलेला दिसतोय ना? उपटा की मग. एक जरी मुळासकट हातात आला तरी मी स्वतः मशीनला हात दाखवून खाली बोलावते."

हे मी कुठल्या जोरावर बोलले, मला माहीत नाही. धाकटीने माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की ताईंनी घात केला. पण शब्द तोंडातून सुटला होता.

बाई वाकली. पाण्याच्या कडेचा एक झुबका तिने मुठीत धरला आणि ओढला. झुबका चिखलातून वर आला, ताणला गेला, आणि तिथेच थांबला. तिने दोन्ही हातांनी ओढला. मग पाय रोवून ओढला. पाती फाटकन तुटली आणि बाई चिखलात बसली. हातात हिरवी पाती. मूळ जिथल्या तिथे.

"थांबा, मी बघतो," म्हणत मशीनवाला खाली आला. धिप्पाड गडी. त्याने तीन ठिकाणी ओढून बघितलं, शेवटच्या खेपेला तोंड लाल होईपर्यंत. तिन्ही वेळा पाती निघाली, मूळ नाही. मग त्याने बोटाने चिखल उकरला. खाली चटईचं कुजकं विणकाम होतं आणि त्यातून आरपार, आडवीउभी, लव्हाळ्याची मुळं. कुठली काडी जुनी आणि कुठलं मूळ नवं हे मलाही सांगता आलं नसतं. "हे तर शिवलंय," तो म्हणाला. "वर दगड बसवलेत ना आम्ही, मागच्या महिन्यात? या पाण्यात काठ दगडांसकट खाली गेला."

इंजिनीअर बाई चिखलातून उठलीच नाही. तशीच बसून तिने शंभर पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. कुठे कापलेली कड नाही, कुठे खचलेली माती नाही. पिशवीतून वही काढली, हात पँटला पुसले आणि तिथेच लिहायला लागली. पायऱ्यांपासून पुढच्या वळणापर्यंतचा काठ मशीनला न देता विणणाऱ्या बायकांकडे द्यावा, अशी शिफारस. खाली सही, आणि सहीवर चिखलाचा अंगठा. तो कागद आठ दिवसांनी वरून मंजूर होऊन आला.

"आणि आमची मजुरी?" ती लिहीत होती तेव्हाच मी विचारलं.

ती हसली. "मशीनचं भाडं वाचलंय ना, मावशी. या खेपेला आहे माझ्याकडे."

मशीनवाला वर चढला, त्याने मशीन मागे घेतलं आणि तो पुलावरून निघून गेला. मग मी खाली बसून मोठमोठ्याने रडले. कुणी काय म्हणेल याची पर्वा केली नाही. मी जिंकले होते, आम्ही सहाजणी जिंकलो होतो. यांनी पायरीवर उभं राहून तीनदा घसा खाकरला, म्हणजे यांचंही रडू झालं. तीन दिवसांच्या उन्हात लव्हाळा उठून उभा राहिला. पुढच्या महिन्यात दारात तेवीस बायका, चिमटा द्या म्हणून. मी त्यांना सगळ्यात आधी हेच शिकवलं की लव्हाळ्यापासून सुरू करा, हातभर उपटा आणि थांबा. धाकटी शेजारी उभी राहून ऐकत होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

वर्ष झालं तेव्हा लव्हाळा कापणीला आला. पहिली चटई मी विणली. आठ दिवस लागले, बोटं नऊ वर्षांत जड झाली होती, दोनदा उसवून पुन्हा घेतली. शेवटची काडी दोनदा आत मुडपली आणि चटई मागावरून उतरवली. हिरवट रंग, ओला वास.

एक गोष्ट तुम्हाला सांगते. विणणाऱ्यांच्या घरात नवी चटई कधी कुणी वापरत नाही. नवी ती गिऱ्हाइकाची, बिघडलेली आणि फाटकी ती आपली. सासूबाईंचा जन्म तसाच गेला. मी शेकड्यांनी चटया विणल्या असतील, पण नव्या चटईवर अंग टाकलं तर कसं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं.

मी ती चटई भर दुपारी बाहेरच्या खोलीत पसरली आणि तिच्यावर आडवी झाले. पाठीला काड्या टोचल्या, मग टोचायच्या थांबल्या. दारातून धाकटीने हाक मारली.

"ताई, गिऱ्हाईक आलंय. चटई बघायची म्हणतंय."

"सांग त्याला, विकली गेली."

"कुणाला?"

"मला," मी म्हटलं, आणि कूस बदलली.